खलबत्ता मी नेलाय

कृपा,

तुम्ही हन्नाला नगरच्या दवाखान्यातून घेऊन याल तेव्हा मी घोडेगावला बहिणीकडं असेन.

तिला दाणे सोसत नाहीत म्हणून भाजीत मी शेंगदाण्याचं कूट घातलं नव्हतं गं. लसूण मात्र दाणे कुटायच्या त्याच खलबत्त्यात ठेचला. लोखंड गंजतं म्हणून खलबत्ता धुवायचा नाही, नुसता पुसायचा, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. तेवढ्यानं पोरीचा श्वास कोंडेल असं वाटलंच नाही. आपल्याकडच्या दवाखान्यात श्वास मोकळा करायचं ते इंजेक्शन नव्हतं, नगरपर्यंत तिला तसंच न्यावं लागलं. तो रस्ता डोळ्यांपुढून हलत नाही.

तीस वर्षं शाळेत शिकवलं, दाण्यानं असं होणारं एक लेकरू पाहिलं नाही. आता हन्नाच्या एका वर्गात तिघं आहेत.

डबे, कढई, मिक्सरची भांडी साबणानं घासलीत. नगरहून आणलेल्या इंजेक्शनांतलं एक हाताशी ठेव, एक शाळेत बाईंकडं दे.

दानीएलला म्हणावं, आईला न्यायला येऊ नको. तू त्या दिवसापासून मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर राहिले असते.

हन्नाचं अंथरूण तेवढं तू घाल. मी तीनदा हात धुतले, तरी तिच्या उशीला लावायचं धाडस झालं नाही.

आई