पाळण्यावरचा चिमटा

बाबा, मी अमेरिकेला निघताना तुम्ही दिलेला फुलक्यांचा लोखंडी चिमटा सध्या माझ्या बाळाच्या पाळण्यावर आडवा असतो. तुम्ही असतात तर आधी तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला असतात, मग मला फैलावर घेतलं असतंत. दुकानदाराने दारात बांधलेलं लिंबू मागून आणून त्याचं सरबत करणारे तुम्ही. मी सातवीत तापाने फणफणले होते, शेजारच्या काकू मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्या, तेव्हा तुम्ही मलाच दटावलंत, "ताप मिठाला घाबरत नाही. औषध घे." मग तुम्ही शिकवायचात त्या शाळेतून रजा घेऊन तुम्ही चुलीशी बसलेले, चिमट्यात फुगलेला फुलका. मी बरी झाले आणि कायमची तुमच्या मताची झाले.

चिमटा पाळण्यावर ठेवला सासूबाईंनी. त्या आयर्लंडमधल्या खेड्यातल्या. बाळ फार लवकर जन्मलं, कित्येक आठवडे काचेच्या पेटीत होतं. ते इथे आमच्या मॉरिसव्हिलच्या घरी आलं आणि मागोमाग त्या आल्या, आपले नियम घेऊन. नवे बूट टेबलावर ठेवायचे नाहीत. पाहुण्याने आल्या दारानेच परत जायचं. बाळाचं कौतुक केलं की लगेच 'गॉड ब्लेस हिम' म्हणायचं. मी मुकाट ऐकत होते. पण बाळाला एकटं सोडताना पाळण्यावर लोखंड हवं, नाहीतर पऱ्या मूल बदलून नेतात, असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून नेमका तुमचा चिमटा काढला आणि माझा तोल गेला.

"डू यू रिअली बिलीव्ह धिस?"

"नो, लव्ह," त्या म्हणाल्या. "पण त्याचा श्वास बघत तू बसून असतेस, धड आंघोळीलाही जात नाहीस. कुणीतरी पहाऱ्याला आहे म्हटलं तर जाशील."

मी गेले. शॉवरखाली पोटभर रडले. परत आले तर बाळ हाताची मूठ गालाशी घेऊन झोपलेलं, आणि शेजारी सासूबाई मोजे विणत बसलेल्या.

आज डॉक्टरांकडे त्याचं वजन छान भरलं. नर्स म्हणाली, "लुक अ‍ॅट दोज चीक्स." माझ्या तोंडून निघून गेलं, गॉड ब्लेस हिम. सासूबाईंनी खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं.

मेल्यावर काही उरत नाही, असं तुम्ही ठामपणे सांगायचात, म्हणजे हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पऱ्यांवर माझा अजूनही विश्वास नाही, बाबा. फक्त एवढंच, की चिमटा दुसऱ्या कुणाचा असता तर मी तो तिथे ठेवू दिला नसता.