दोन शिफारसपत्रं, एक सही

४ ऑक्टोबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. बायकोच्या, म्हणजे हेमांगीच्या, हाताला लागू नये म्हणून कॉलेजच्या फार्माकोलॉजीच्या वहीत लिहितोय. ती वही मीही कधी उघडली नव्हती, तिला काय सापडणार.

मुद्दा. परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीची फेलोशिप निघालीये. अल्पसंख्य आणि वंचित समाजांचं आरोग्य, जागतिक आरोग्य, त्यातल्या संशोधनाचं ट्रेनिंग. एक वर्ष, सगळा खर्च त्यांचा. वय पस्तीसच्या आत. मी चौतीस पूर्ण, वर सात महिने. अगदी माझ्यासाठीच काढल्यासारखी.

हेमांगी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, हे शेवटचं. नाही झालं तर जूनपासून खोपटला संदेशच्या दुकानात बसायचं. संदेश तिचा भाऊ, एसटी डेपोजवळ मेडिकल आहे, फार्मासिस्ट शोधतोय. चालेल म्हणालो. होणारच आहे, तर 'चालेल' म्हणायला काय जातं?

९ ऑक्टोबर
ठाण्याच्या आमच्या संस्थेत मी रिसर्च कोऑर्डिनेटर. चौथं वर्ष. टीबीची औषधं लोक मध्येच का सोडतात, हा सर्व्हे. कोलशेतची एक वस्ती, ३१२ घरं. घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम संचिता करते, विचार करायचं माझ्याकडे.

आज कळलं, संचितासुद्धा अर्ज करतेय. हसू आलं, दाबलं. कळव्याला चाळीत राहते. वडील रिक्षा चालवायचे. एमएसडब्ल्यू केलंय, तेही नोकरी करून बाहेरून. म्हणाली, प्रशांतदादा, माझं इंग्रजी जरा बघाल का? बघतो म्हटलं. माझा स्वभावच मदतीचा.

२१ ऑक्टोबर
निबंधाचा विषय: अल्पसंख्य असल्याचा तुमच्या आयुष्यावर झालेला परिणाम.
मला काय तोटा! आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर मराठी घर एकच, आमचं. सोसायटीच्या ग्रुपवर नोटिसा हिंदीत येतात. सहाशे शब्द झाले. शेवटी शेवटी माझेच डोळे भरून आले.

संचिताचा निबंध वाचला. वडील टीबीने गेले. चाळीत त्यांचा ग्लास वेगळा ठेवायला लागले, तेव्हा ते म्हणाले होते की गावी आपल्याला ग्लास वेगळाच असायचा, मला सवय आहे. असलं काय काय. म्हटलं, अगं हे काढ, रडगाणं वाटतं, त्या लोकांना सायन्स पाहिजे. खरंच का, असं दोनदा विचारलं. मग काढलं. एक उमेदवार सुधारला.

१२ नोव्हेंबर
शिफारसपत्र लागतं. सुदेश सर, म्हणजे आमचे डायरेक्टर, यांच्याकडे गेलेलो. सरांची पद्धत सगळ्या संस्थेला माहीत आहे: तूच लिहून आण, मी सही करतो. आजवर त्यांनी स्वतः एक पत्र लिहिलेलं नाही. मला म्हणाले, संचिताचंही तूच लिही, तुझं इंग्रजी बरंय. तिला बोलू नकोस मात्र.
विश्वास म्हणतात तो हा.

१५ नोव्हेंबर, दुपार
माझं पत्र: दोन पानं. द्रष्टा, अभ्यासू, नेतृत्वगुण, उद्याचं जागतिक नाव. 'द्रष्टा' दोनदा आलं म्हणून एक काढलं. मग रिकामं वाटायला लागलं म्हणून परत घातलं.

तिचं: अर्धं पान. खोटं एक अक्षर नाही, मी त्यातला नाही. लिहिलं की मुलगी कष्टाळू आहे, पण शिस्त कमी. वीस मिनिटांचा फॉर्म, एकेका घरात दीड दीड तास बसते. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहून बायकांशी बोलते. फॉर्मात जे विचारलेलं नाही ते लिहून आणते. उदाहरण दिलं: कांता नावाच्या बाईने औषध का सोडलं याखाली हिने काय लिहावं, तर लघवीचा रंग! मी ती नोंद असंबद्ध म्हणून काढून टाकलेली. तेही लिहिलं, म्हणजे माझं सुपरव्हिजन दिसेल.

सरांनी चष्मा न लावता दोन्हीवर सही केली.

९ जानेवारी
शॉर्टलिस्ट! मीही आणि तीही. तिचं नाव बहुतेक आमच्या संस्थेचं वजन म्हणून.
संदेशला फोन करून सांगून टाकलं, दुसरा फार्मासिस्ट बघ. तो म्हणाला, घाई नाहीये भावोजी. या लोकांना दृष्टीच नाही.

१८ जानेवारी, दुपारी १
ऑनलाइन इंटरव्ह्यू. समोर तिघं. नेटवर्कमुळे जरा घोळ झाला. म्हणजे नेटवर्क ठीक होतं, प्रश्न बरोबर नव्हते. 'द्रष्टा'वर एकानेही विचारलं नाही. एक बाई म्हणाल्या, औषध सोडलेल्या एका पेशंटबद्दल सांगा. मी टक्केवारी सांगितली. त्या म्हणाल्या, नको, एक माणूस सांगा. मग कांता आठवली, तेवढं एकच नाव डोक्यात होतं. तिने का सोडलं? मी म्हटलं, जागरूकतेचा अभाव.
बाईंनी समोरच्या कागदात बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, तुम्ही फार्मसी शिकलात ना?
एकूण चांगला गेला.

सायंकाळी ६
संचिताचा माझ्यानंतर होता. वीस मिनिटांचा इंटरव्ह्यू, पन्नास मिनिटं चालला. तिलासुद्धा कांताचंच विचारलं म्हणे. तिने सांगितलं की त्या गोळीने लघवी लाल होते, संडास सगळ्यांचा, मागून जाणारीला दिसतं, आठवड्यात वस्तीभर होतं, मुलीचं जमलेलं लग्न मोडलं असतं. म्हणून कांताबाईने गोळ्या सोडल्या.
लघवी लाल होते हे मला माहीत होतंच. दुसऱ्या वर्षाला आहे ते. पोरगी फार लांबण लावते, पन्नास मिनिटं त्यातच गेली असणार.

१ फेब्रुवारी
राजीनामा दिला. निकालानंतर धावपळ नको. सरांनी लगेच स्वीकारला, वाचलाही नाही. भरून आलेलं असणार.

२० फेब्रुवारी
नाही.
संचिताचं झालं.
कोटा असणार. हेमांगीला तसं म्हटलं. ती म्हणाली, ते ग्लासचं तिला निबंधातून काढायला लावलेलास ना तू? मग ती कोट्यातली हे त्यांना कळलं कसं? चहा न घेताच कामावर गेली. बायकांना राजकारण कळत नाही.

३ मार्च
सरांचा फोन. वाटलं, राजीनामा मागे घे म्हणणार. तर म्हणाले, अरे, मी काय लिहिलं होतं रे संचिताबद्दल? तिकडून मेल आलंय, इतकं नेमकं पत्र वर्षभरात वाचलं नाही म्हणतात, त्यावरच तिचं पक्कं झालं. कॉपी पाठव, वार्षिक अहवालात छापू.
पाठवली. माझ्या पत्राबद्दल मेलमध्ये काही आहे का, विचारलं. सर म्हणाले, आहे एक ओळ, उमेदवाराने नेमकं काय काम केलं ते पत्रातून कळत नाही. माझ्यावरच चिडले, तू माझी सही कशावर घेतलीस म्हणून.

१४ जून, सकाळी ११
खोपट. काउंटर. तात्पुरतं.
संचिता आलेली. परवा निघतेय. आईची बीपीची औषधं सहा महिन्यांची भरून ठेवायची होती. पट्ट्या काढता काढता सांगून टाकलं की ते पत्र मी लिहिलेलं. श्रेय नको होतं, नुसतं कळावं म्हणून.
ती म्हणाली, "माहितीये दादा, अहवालात वाचलं. कोलशेतला संडासासाठी रांग लागते हे सरांच्या गावीही नाही. मला खाली खेचायला लिहिलंत तुम्ही. पण खरं लिहिलंत, म्हणून माझं झालं."
खाली खेचायला म्हणे! संताप आलेला. गिळला, कारण गरज माझी होती. आणखी एक फेलोशिप आहे, चाळीसपर्यंत चालतं. अशा ठिकाणी निवड झालेल्या माणसाचं पत्र लागतं. म्हटलं, मी लिहून पाठवतो, तू फक्त सही कर.
"नको, मीच लिहीन," ती म्हणाली. "त्या चार वर्षांत तुम्ही काय काय केलंत, तेवढं सांगा."
पर्समधून पेन काढलं आणि बिलाच्या पाठीवर लिहायला थांबली. टोमणा नव्हता, खरंच थांबली होती. मागे दोन गिऱ्हाइकं. संदेश बघत होता. आठवून फोन करतो म्हटलं.

दुपारी ४
आठवतोय.
वस्तीतलं एक घर आठवलं. माळ्यावर चढायला लोखंडी शिडी होती. संचिता वर गेलेली. मी खाली थांबलेलो, बूट काढावे लागतील म्हणून.