बिनछताची गाडी

शनिवार, संध्याकाळ

सुहासने आज मला हट्टाने एक विकायला ठेवलेली इटालियन गाडी बघायला नेलं. लाल, अशा जगात मोजक्याच. घेणार कोण, नुसतं बघायचं. विक्रेत्याने मला आत बसवून बटण दाबलं. छत मागे सरकलं आणि माझे हात आपोआप स्कार्फकडे गेले. नाक, कान, कपाळ, सगळं घट्ट गुंडाळून मी तयार.

"मॅडम, वारा लागावा म्हणूनच छत उघडतं हिचं," विक्रेता म्हणाला.

सुहास हसला. मला हसू येईना. कॉलेजपासून स्कूटरवर हा स्कार्फ. तोंडाला वारा शेवटचा कधी लागला होता?

येताना कात्रजच्या उतारावर, स्कूटरवर सुहासच्या मागे बसल्या बसल्या, स्कार्फ सोडला.

"अगं, धूळ किती आहे."

"असू दे. पुढच्या सिग्नलपर्यंत तरी."