सायरन कशाचा होता?

३ नोव्हेंबर, सकाळ
बंबवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा नवा स्कॅनर आला. खोका लहान, माहितीपुस्तिका जाड. बायको, आर्लीन, म्हणाली, जेवणाच्या टेबलावरचा पसारा थँक्सगिव्हिंगच्या सणाआत हलव म्हणजे झालं. बायकांना धीर म्हणून नाही. रविवारपर्यंत काम संपवतो. आयुष्यभर टेलिफोन कंपनीसाठी खांबांवर चढलो. रेडिओ म्हणजे तर नुसता तार नसलेला फोन.

त्याच दिवशी, दुपार
गावाला याची गरज आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. पूर्वी अग्निशमन केंद्राचा सायरन वाजला की पाठोपाठ आमचा फोन वाजायचा. "व्हर्न, सायरन कशाचा होता रे?" मी जुन्या स्कॅनरवर ऐकलेलं सांगायचो, मग गाव निवांत जेवायचं. उन्हाळ्यात काउंटीने नवी डिजिटल रेडिओ यंत्रणा आणली आणि माझा स्कॅनर मुका झाला. आता लोक शेजारच्या फिलिसला फोन करतात. फिलिसकडे स्कॅनर नाही. ती घरातल्या सपाता घालून अग्निशमन केंद्रापर्यंत चालत जाते आणि विचारते. याला काय तंत्र म्हणायचं?

८ नोव्हेंबर
रविवार काल झाला. स्कॅनरमधून आवाज नाही. दोष पुस्तिकेचा.

९ नोव्हेंबर
तत्त्व समजलं. अगदी सोपं आहे. पूर्वी प्रत्येक खात्याची आपली लहर ठरलेली असायची. आता सगळ्यांत मिळून थोड्याच लहरी, आणि ज्याला बोलायचं असेल त्याला यंत्रणा त्या क्षणी मोकळी असेल ती लहर देते. डायनरमध्ये जेवायला गेलं की तिथली वाढपी लू-अ‍ॅन रिकामं टेबल दाखवते, तसं. कोण कुठे बसलं हे एका नियंत्रण वाहिनीवर सतत सांगितलं जातं. ती पकडायची आणि प्रत्येक खात्याच्या गटाचा क्रमांक भरायचा. बस्स.
स्कॅनर कॉम्प्युटरला जोडला तर क्रमांक आपोआप भरले जातात म्हणे. मी हाताने भरतोय. यंत्राला मालक कोण ते कळायला हवं.

१२ नोव्हेंबर, दुपार
आवाज आला! माणसाचा! आर्लीनला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. कोणीतरी मागच्या सीटवर ओकलं होतं. आर्लीन म्हणाली, अभिनंदन, आणि परत गेली.

१३ नोव्हेंबर
पोलिसांचं सगळं बोलणं सांकेतिक, कुलूपबंद. कोणत्याच स्कॅनरवर ऐकू येणार नाही. हरकत नाही. आमचे पोलीस तसेही कंटाळवाणे.

१६ नोव्हेंबर
अग्निशमनचा गट सापडला! कप्तान गस स्वतः! गसचं टायरचं दुकान आहे, बाकीचे जवानही आपापल्या कामधंद्यावर असतात, म्हणून त्यांचे पेजर चालू आहेत ना हे तपासायला रोज संध्याकाळी सहाला लांबच लांब शिट्टी वाजते. मग गस म्हणतो, ही चाचणी आहे. मग परत शिट्टी. ऐन सूपच्या वेळेला.

१९ नोव्हेंबर
शिट्टीने आर्लीनच्या हातून पळी पडली. ती म्हणाली, व्हर्न, एक तर ते तरी वाजेल नाही तर मी तरी इथे राहीन. स्कॅनरला "टाळा" असं बटण आहे. दाबलं की तो गट वगळला जातो. शिट्टी चालू असताना दाबलं. शांतता. केवढं सोयीचं बटण! फक्त आजच्यापुरतं. उद्या काढतो.

थँक्सगिव्हिंग, संध्याकाळ
सर्वांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. फिलिस भोपळ्याची गोड पाई घेऊन आली होती. टर्की कापत असतानाच बाहेर सायरन! मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. स्कॅनरवर कचऱ्याच्या गाडीवाला दुसऱ्या कचऱ्याच्या गाडीवाल्याला शुभेच्छा देत होता. फिलिस म्हणाली, व्हर्न, राजा, खिडकी उघडली असतीस तरी याहून जास्त कळलं असतं. मग सपाता घालून गेली आणि पाई कापायच्या आत बातमी घेऊन परत आली. पलीकडच्या केसलरांची टर्की तळताना पेटली. आर्लीन हसली. जरा जास्तच.

२८ नोव्हेंबर
निदान झालं: अँटेना कमी उंचीवर आहे. स्कॅनर घेतला त्या कोलंबस शहरातल्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणतो, या यंत्रणेत सगळे मनोरे एकाच वेळी तेच बोलतात, उंचावर गेलात तर चार आवाज एकमेकांत मिसळतील. अँटेना खालीच ठेवा, आणि आधी काही चुकून बंद तर केलं नाहीत ना ते बघा. पोरगा दुकानात बसतो, खांबावर कधी चढला असेल? अँटेना छपरावर.

२ डिसेंबर, दुपार
छपरावरून लिहितोय. स्कॅनर कमरेच्या पट्ट्याला, वही खिशात. पहिला बर्फ पडलाय, दृश्य सुंदर. अँटेना लागली. शिडी मात्र घसरून खाली गेली. घाबरण्यासारखं काही नाही. आर्लीन बाजारात गेलीय, येईलच.
फिलिसने खालून विचारलं, अडकलास का रे? म्हटलं, छे, मोजमापं घेतोय.

थोड्या वेळाने
बूट ओले. मोजमापं चालू.

त्यानंतर
सायरन! जवळच कुठेतरी! आणि मी ऐन मोक्याच्या जागी! स्कॅनरवर फक्त बर्फ काढणारी गाडी, तीही बादलीत बोलल्यासारखी. गस गप्प का?
बंब दिसला. आमच्याच रस्त्याला वळला. कोणाचं घर असेल? बिचारे.

२ डिसेंबर, संध्याकाळ
मी अडकलो नव्हतो. हे मी गसला शिडीवरून उतरताना तीनदा सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, व्हर्न, फिलिसने उगाच बोलावलं, आता तो पाय खालच्या पायरीवर ठेव. मग मी त्याला विचारलं की तुमचं खातं रेडिओवर बोलत का नाही. त्याने माझा स्कॅनर हातात घेतला, दोन बटणं दाबली आणि आर्लीनकडे बघितलं. म्हणाला, व्हर्न, तू सगळं गाव ऐकतोयस, फक्त आम्हाला टाळलंयस.
त्याने ते "टाळा" रद्द करून दिलं. बंब वळून गेला आणि आमच्या बैठकीत, जेवणाच्या टेबलावर, जुन्या आखूड अँटेनावर, गसचा आवाज घणघणला: गृहस्थ सुखरूप खाली. गृहस्थांचं म्हणणं, अडकले नव्हते. एकेक शब्द स्पष्ट. फिलिस आणि आर्लीन हातात हात घालून हसत होत्या.
तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. न्हावी हार्वी होता. "व्हर्न, तुझा नवा स्कॅनर चालू झाला म्हणे! सायरन कशाचा होता रे?"
उन्हाळ्यापासून ज्याची वाट पाहिली तो प्रश्न. माहिती पूर्ण होती, अचूक होती, आणि गावात दुसऱ्या कोणाला इतक्या जवळून मिळालेली नव्हती.
म्हटलं, काही कळलं नाही बुवा. थांब, फिलिसला देतो.