तुझं ‘मले’

बुलढाणा
१७ डिसेंबर १९६४

प्रिय तानूताई,

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेली भाकर आणि ठेचा तसाच घरी आणला. शाळेत सगळ्या बाई विचारतात, तुमच्या पुस्तकाचा सिनेमा कसा झालाय? मी म्हणते, छान. आणखी काय म्हणू? आपलेच दात, आपलेच ओठ.

‘तीन पोरं तुरीत’ मी लिहिलं खरं, पण त्यातली मावशी म्हणजे तूच. तुरीच्या वावरात चुकलेल्या पोरांना ती कंदील घेऊन हुडकते आणि म्हणते, “काऊन रडून राह्यले बे? मी हाये ना!” वर्गात वाचताना या ओळीला मुलांचे डोळे भरतात. शेजारच्या सोजराबाईला वाचून दाखवताना तुझाही आवाज तिथेच अडतो. म्हणून तर आपल्या धाडच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागला तेव्हा “आमच्या कोकीचा शिनेमा” म्हणत तू अख्खी गल्ली गोळा केलीस, ठेवणीतलं लुगडं नेसलीस.

पडद्यावर तिन्ही पोरं पुण्याचं बोलत होती. ‘मले-तुले’ करणारी एकटी मावशी, आणि तीही डोळे गरगर फिरवत, पायात पदर अडकून पडत. पहिल्या ‘काऊन’लाच तंबू हसला. तुरीतल्या त्या जागी तर शिट्ट्या पडल्या. आपलीच माणसं हसली, सोजराबाईने हसता हसता तुला कोपर मारलं. तू मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसलीस. “चांगला झाला,” एवढंच म्हणालीस.

तुला वाटलं असेल, सिनेमावाल्यांनी केलं. नाही गं ताई. नटीला आपली बोली शिकवायला त्यांनी मला कोल्हापूरला बोलावलं होतं. तिला काही केल्या जमेना, तेव्हा मी तुझी नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून तू कोंबड्या हाकलतेस ना, तशी. सगळे पोट धरून हसले. एवढी मोठी माणसं खूश झाली म्हणून मला चेव चढला, मी आणखी केली. ते डोळे फिरवणं माझं आहे, ताई. तू कधीच फिरवत नाहीस. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

हे तिथेच सांगायचं होतं. पण सकाळी चुलीपुढून तू म्हणालीस, “कोकिळा, मला जरा तांब्या दे.” ‘मले’ नाही, ‘मला’! एकेक शब्द जुळवून, मास्तरणीपुढे उभ्या राहिलेल्या पोरीसारखी. जन्मात तू मला कोकिळा म्हटलं नव्हतंस. मी तांब्या दिला आणि गुपचूप पिशवी भरायला घेतली. एसटी हलली तेव्हाही तू म्हणालीस, “सावकाश जा हं.”

तो सिनेमा काही आता माघारी बोलवता येत नाही, गावोगाव हिंडेल आणि हसवेल. त्यांनी दुसरं पुस्तकही मागितलं होतं, मी नाही म्हणून कळवलं. त्याने तुझं काय भरून येणार आहे म्हणा! रविवारी मी धाडला येते. चार शिव्या घाल, नाहीतर दाराबाहेर उभी कर. पण माझ्यापुढे बोलताना शब्द शोधू नकोस गं. दारातच विचार, “काऊन आली वं, कोके?” मले तेवढंच ऐकाचं हाये.

तुझीच,
कोकी