विंचवाच्या नांगीचं पान

प्रिय धैर्यशील,

चौकशी समितीपुढं तू दिलेल्या निवेदनाची बातमी आधीच छापून आली होती, पण अख्खं निवेदन काल वाचलं. दोनदा वाचलं, पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वासच बसेना. कॉलेजनं काढलेली रानभाज्यांची पुस्तिका हातात घेऊन पोरं डोंगरात गेली, खायचा करांदा समजून विषारी कळलावीचा कंद उकरला, उकडून खाल्ला, आणि ऋतुराज मरता मरता वाचला. हे सगळं कशामुळं, तर म्हणे 'नेसरी येथील एका अशिक्षित माहितगार स्त्रीने दिलेली सदोष माहिती'. नाव घ्यायला जीभ अडली होय रे? मीनाबाई म्हणतात तिला. माझी आई. तू तिला मावशी म्हणायचास.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी दर रविवारी सकाळच्या एसटीनं आपण नेसरीला जायचो. तू शहरात, राजारामपुरीत वाढलेला, बांधावरून चालताना चारदा घसरायचास, पण पानांचे शब्द तोंडपाठ: अंडाकृती, हृदयाकृती, दंतुर, अवृंत. आईला हसू आवरायचं नाही. देठ नसलेल्या पानाला ती 'बसकं' म्हणायची, काठाला दाते असले की 'करवती', बारीक केस असले की 'लवंचं'. पान हातात आलं की आधी उलटं करायची. वरनं सगळी पानं गुळगुळीतच असत्यात, पाठ बघाय पायजे, असं तिनं तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुझी पाठ बघायचं आम्हा दोघींकडूनही राहूनच गेलं.

एका झाडाला एक कार्ड, ही पद्धत तुझीच. डावीकडं पुस्तकातला शब्द, उजवीकडं आईचा. पण ते कार्ड खरं का खोटं हे ठरवायची रीत आईची होती. आपण लिहिलेलं वर्णन झाडाचं नाव न सांगता तिला वाचून दाखवायचं. ती ऐकायची, विळा घ्यायची आणि बांधावर जाऊन ते झाड घेऊन यायची. भलतंच झाड आणलं की तू कार्ड फाडायचास. मावशीला कळलं नाही ते वर्णनच नव्हे, असं म्हणायचास. असली एकोणीस कार्डं फाडलीस तू. मला त्या वेळी वाटायचं, या माणसासारखा माणूस नाही. काय खुळी होते मी!

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. तुमच्या घरी मी एकदाच आले. तुझ्या आईनं चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि चहा निवायच्या आत बोलणं आटोपलं. तू मला रिक्षापर्यंत सोडायला आलास आणि वाटेत परीक्षेच्या वेळापत्रकावर बोललास. मार्गशीर्षात तुझं लग्न झालं. मी भांडले नाही, जाब विचारला नाही. त्याचा आज राग येतो, तुझा कमी आणि माझा जास्त.

नऊ वर्षांनी विभागप्रमुख होऊन तूच मला तासिका तत्त्वावर बोलावलंस. बिचाऱ्याला जुन्याची चाड आहे, असं मला वाटलं. महिन्याभरात तू कार्डं मागितलीस. मी कार्डांचा अख्खा डबा आणून दिला.

कळलावीच्या कार्डावर आईचं वाक्य होतं: 'पानाचा शेंडा विंचवाच्या नांगीगत वळलेला दिसला, की त्या येलाखाली उकरायचं न्हाय. खाल्ला तर माणूस जातंय.' पुस्तिकेत तू काय छापलंस? 'भालाकृती, अवृंत, प्रतानाग्र पर्णे असलेली आरोही वनस्पती वर्ज्य.' बाकीच्या पानांवरूनही आईचा शब्द न् शब्द काढून टाकलास. ग्रांथिक दिसायला पाहिजे, नाहीतर विद्यापीठात हसतील, असं म्हणालास. ऋतुराज कॉमर्सचा पोरगा रे. करांद्याचा आणि कळलावीचा वेल एकाच कुंपणात गुंतलेले. प्रतानाग्र म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? नांगी म्हटलं असतं तर हात मागं घेतला असता त्यानं. आईला हे वाक्य वाचून दाखवलं असतंस तर ती जागची हललीच नसती, आणि तुला ते फाडावं लागलं असतं. तू ते तिच्यापर्यंत जाऊच दिलं नाहीस.

आणि माझं काय? प्रूफ माझ्या टेबलावर दोन दिवस पडलं होतं. मी ते पान बघितलं आणि गप्प बसले. जूनमध्ये माझ्या नेमणुकीचं नवं पत्र निघायचं होतं. दवाखान्यात ऋतुराजला बघायला गेले तेव्हा विषानं गळालेले त्याचे केस उशीवर झुबक्यानं पडलेले होते. त्याची आई ते गोळा करून पिशवीत भरत होती. मला खुर्ची दिली तिनं, मॅडम म्हणाली. मी कुठल्या तोंडानं बसू तिथं? ही लाज मरेपर्यंत माझ्याबरोबर राहील. यातून मी स्वतःला सोडवत नाही.

पण आईनं काय केलं होतं? निवेदनाची बातमी छापून आली आणि आठवड्याच्या बाजारात तिच्यासमोरची पाथरी, कुर्डू तशीच सुकली. चाळीस वर्षं जिच्याकडनं डोळे झाकून भाजी घेतली, तिला बायका म्हणाल्या, नको बाई, तुझ्या भाजीनं पोरं मरत्यात. ती घरी आली आणि भाजीची पाटी उलटी घालून ठेवली. तेव्हापासून डोंगराकडं गेलेली नाही. तिच्यापुढं ताट ठेवलं की पानातली भाजी बोटानं बाजूला सारते.

तू परवा नेसरीला जाऊन आलास हे मला आज पहाटे आईकडून कळलं. माहिती आपण चुकीची दिली, असं लिहिलेल्या कागदावर तू आईची सही घेतलीस. सही नाही केली तर प्रीतीची नोकरी जाईल, असं सांगितलंस तिला. मी पहिलीत असताना माझ्या पाटीवर गिरवून ती सही शिकली होती. तेवढीच अक्षरं येतात तिला, ती तिनं माझ्यासाठी दिली. म्हणून आज सकाळी साडेदहाला मी प्राचार्यांकडं राजीनामा दिला. त्याची पोच या पत्राला जोडली आहे. आता तिला भ्यायला कारण उरलं नाही. कार्डांचे फोटो माझ्याकडं आहेत, कळलावीचं कार्ड तुझ्या अक्षरात आहे, आणि मी गप्प बसले हेसुद्धा मी लिहून देणार आहे. सोमवारी अकरा वाजता समितीपुढं आई बोलणार आहे. ती काय बोलेल ते सगळ्यांना कळेल. तू समोर बसायला ये.

मीनाबाईंची,
प्रीती