चिंचेने घासलेली कॅनडाची नाणी

बाबा, तुमच्या कॅनडाच्या नाण्यांची किंमत काल काढून आणली. वॉटफर्डचं घर विकायचं म्हणून आई कपाटं रिकामी करते आहे, तिनेच डबा माझ्या हातात ठेवला. नाण्यांचा दुकानदार म्हातारा, सभ्य माणूस. एकेक नाणं दिव्याखाली फिरवत, डोळ्याला भिंग लावून म्हणाला, "कधीतरी घासलीयत ही." मी घासली, नऊ वर्षांची होते, असं मी लगेच सांगून टाकलं. पंचेचाळिसाव्या वर्षी! त्याने विचारलंही नव्हतं.

तुमच्या वाढदिवसाला चकचकीत करून द्यावीत म्हणून मी आईची चिंच घेतली होती. सिंकपाशी स्टुलावर उभी राहून सगळी घासली, टॉवेलवर ओळीने मांडली. तुम्ही हॉस्पिटलमधून येता, कोटही न काढता बघता. ओरडत नाही. ओरडला असतात तर परवडलं असतं. आईकडे वळून म्हणता, "तुझ्या पाटल्या हिने सिंकमध्ये ओतल्या." इंग्लंडहून कॅनडाला परत जाणाऱ्या एका डॉक्टरकडून ती नाणी घेण्यासाठी तुम्ही आईच्या पाटल्या विकल्या होत्या, आणि घासलं की जुन्या नाण्याची किंमत जाते, हे मला तेव्हा कळलं. पुढे घरी कुणीही जेवायला आलं की हा किस्सा ठरलेला. आम्ही मोठं घर का नाही घेतलं? हिला विचारा! सगळे हसायचे. मी पोळ्या वाढत असायचे.

काल मी दुकानदाराला विचारलं, घासली नसती तर? "फार फरक पडला नसता," तो म्हणाला. "खूप वापरातली, साधी नाणी आहेत. चांदीचा भाव येईल, बस. पण तुमच्याकडे हे लिहिलेलं आहेच की." डब्याच्या तळाशी घडी घातलेला कागद होता, दुसऱ्याच कुठल्या दुकानाचा. त्यावर तुमचं नाव, हेच उत्तर आणि तारीख. मी नाणी घासली त्याच्या आधीच्या वर्षाची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. फसलात, ते बायकोला सांगायची हिंमत झाली नाही आणि मी आयती सापडले. लाज नाही वाटली? दिवसभर लोकांची मुलं तपासायचात, सुई टोचण्याआधी त्यांना गोष्टी सांगायचात. शेवटच्या आजारात मी दर शनिवारी कार्डिफहून गाडी चालवत यायचे, तेव्हा नर्सलाही तोच किस्सा ऐकवलात. आणि मी, मूर्ख, तेव्हाही ओशाळून हसले.

काल संध्याकाळी आईला तो कागद वाचून दाखवला. "मग तुला कशाला बोलत राहिले ते?" म्हणाली. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मीही बोलले गं तुला. कितीदा तरी."

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. "जाऊ दे गं आई" एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही.